सव्वापाच ते साडेपाच

चौक थांबला तेव्हा मला आधी वाटलं, लॅपटॉप अडकला. नव्या जालन्यातला स्टेशनकडचा चौक थांबत नसतो. तो तुंबतो, शिव्या देतो, एका मोटरसायकलीचा आरसा दुसरीच्या हँडलमध्ये घालून बसतो, पण थांबत नाही. मी सोळापट वेगानं चित्रफीत बघत होतो, कारण बारा तासांची वाहतूक बारा तास बघत बसायला माणूस एकतर संत लागतो नाहीतर बेकार, आणि माझी बेकारी अजून अधिकृत झाली नव्हती. खालच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. पाच वाजून एकवीस मिनिटांनी रिक्षा थांबल्या, कपाशीच्या बियाण्याचा टेम्पो थांबला, पोलीस तर काय थांबलेलाच होता. डावीकडून पांढऱ्या टोप्यांचा एक लोंढा आत शिरला आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या चादरीची एक लांबट वस्तू तरंगत निघाली. सोळापट वेगात जनाजा ताशी चौसष्ट किलोमीटरनं जातो. हा हिशेब मी नकळत केला, कारण दोन वर्षांत माझ्या मेंदूला दुसरं काही शिकवलेलं नाही. मग वेग एकपट केला. पुढच्या दांडीखाली अब्बा होते. चौकाच्या बरोबर मध्यावर त्यांनी खांदा बदलला, दुसऱ्याला जागा दिली आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. दोन सेकंद. मग ते चालू लागले. चादरीखाली अजमतमामू होते, माझ्या अम्मीचे सख्खे भाऊ, जाफराबाद रस्त्यावर बावीस वर्षं काळीपिवळी जीप चालवणारे. ताशी चौसष्ट हा त्यांचा नेहमीचाच वेग.

कॅमेरा माझा होता. त्याच्यामागे तीन मजले वर, लॉजच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला माणूसही मीच होतो. आमच्या अभ्यासक्रमात त्याला सर्वेक्षक म्हणतात. सर्वेक्षकानं जागा सोडायची नसते, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

मी वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. करतो. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगितलं तेव्हा समोरच्यानं विचारलं, म्हणजे ट्रॅफिक पोलीस का? आधी मला ह्या लोकांची कीव यायची. आता वाटतं, पोलिसाला निदान शिट्टी असते. आमच्याकडे काय असतं, तर एक तक्ता. त्यात मोटार म्हणजे एक, दुचाकी अर्धी, रिक्षा एकाहून थोडी जास्त, ट्रक तीन आणि मोठी बैलगाडी आठ. म्हणजे कुणी शेतकरी दोन बैल हाकत चौकात आला की शास्त्राच्या दृष्टीनं एकाच वेळी आठ मोटारी आल्या, आणि तो मात्र विडी पीत बसलेला. मामूंची जीप तक्त्यात एक. आत चौदा, मागे लटकलेले तीन, टपावर सोयाबीनची पोती, तरी एक. तिच्याशेजारून एखादा बियाणे कंपनीचा साहेब काचा वर करून एकटाच चालला असेल तर तोही एक. बरोबरी हा शब्द घटनेत आहे असं ऐकलंय, पण तिची खरी अंमलबजावणी आमच्या तक्त्यानं केली. मामूंना एकदा हे सांगितलं होतं. ते बोनेटवर टेकून पान खात होते. "सतरा बिठाऊं या एक, गिनती एकच?" ते म्हणाले. "फिर तेरे साहब को बोल, किराया भी एक का ले के दिखा." मी हसलो होतो, आणि मनात म्हटलं होतं, अडाणी माणूस.

सगळं शहरच मला तेव्हा अडाणी वाटायचं. चौकात माणसं रस्त्याच्या मधोमध मोटरसायकली उभ्या करून एकमेकांच्या पोरांच्या सोयरिकी जुळवत. संगणकात ह्याला जागा नाही. संगणकातल्या चालकाला एक इष्ट वेग असतो, पुढच्या गाडीपासून राखायचं अंतर असतं, आणि त्याला मामेसासरा नसतो. मी दोन वर्षं त्या नातेवाईक नसलेल्या माणसांच्या प्रेमात होतो. पडद्यावर रंगीत पेट्या पळायच्या, सिग्नलला सरळ रेषेत उभ्या राहायच्या, हॉर्न नाही, थुंकणं नाही. तसं शहर जगात कुठंतरी असेल आणि तिथं मला नोकरी लागेल, अशी माझी समजूत होती.

पण त्या शहराला खाऊ घालायला आकडे लागतात, आणि आकडे गच्चीवर बसून काढावे लागतात. हे घरी कसं सांगणार? अब्बा बियाण्याच्या गोदामात पंचवीस वर्षं पोती मोजतायत, मुलानं मोजू नये म्हणून त्यांनी मला शिकवलं, आणि मुलगा शिकून रिक्षा मोजतोय. म्हणून मी घरी सांगितलं, औरंगाबादला जातोय, कॉलेजात, सिम्युलेशन लॅब आहे, दिवसभर. घरी सगळे अजून औरंगाबादच म्हणतात. लॅब ह्या शब्दावर अम्मीनं डब्यात एक अंडं जास्त घातलं. दारामागची मोठी छत्री उचलली, गोदामातून अब्बांना मिळालेली, कपाशीच्या बोंडाचं चित्र असलेली, एक काडी मोडून कडेला खाच पडलेली. आणि सकाळी साडेसहाला घरातून निघून एक किलोमीटर प्रवास करून मी औरंगाबादला पोचलो. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी, छत्री खुर्चीला बांधलेली. माझा फोन दुसऱ्या रस्त्याचं चित्रण करायला कठड्यावर लावला होता आणि मध्येच कुणाचा कॉल येऊन चित्रण तुटू नये म्हणून विमानात ठेवतात तसा बंद. खाली कचोरीच्या गाड्याशेजारी माझा वर्गमित्र भारत बसला होता, वाटूरचा. त्याच्याकडे उजवीकडे वळणाऱ्या गाड्या. दर अर्ध्या तासाला तो मान वर करून ओरडायचा, "नदीम, मेलास का जिता हायस बे?"

मामू त्या दिवशी सकाळी दहाला छातीत दुखतंय म्हणाले आणि अकराला गेले. घरून मला सगळे फोन लावत राहिले. अब्बा सगळ्यांना सांगत राहिले, "लॅब में है, उधर फोन नै चलता." असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजनंतर जनाजा उठला आणि स्टेशनच्या चौकातून निघाला, कारण कब्रस्तानाला दुसरा रस्ता नाही. रस्त्यांचं जाळं किती दरिद्री आहे ह्यावर माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे.

मी वरून काय पाहिलं? हे आता आठवायला गेलं की आठवण आणि चित्रफीत यांची सरमिसळ होते. मला आठवतं, मी वैतागलो. मला आठवतं, माझ्या छत्रीची सावली पाचनंतर रस्त्यावर लांब पडायला लागली होती आणि चित्रात तो काळा डाग येतोय म्हणून मी आधीच वैतागलेला होतो, त्यात हे. मौतीला म्हणतात ते इन्ना लिल्लाह मी तोंडानं म्हटलं, ते मला नक्की आठवतं, कारण त्याच वेळी अंगठा दुचाकींचं बटण दाबत होता. जनाजा दिसला की रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही उतरून चार पावलं खांदा द्यावा. मेलेला कोण, हे विचारायचंही नसतं. हे मला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक आहे. जिन्याला बावन्न पायऱ्या. मी त्या मोजल्या होत्या, अर्थात. खाली जाऊन येईपर्यंत सव्वापाच ते साडेपाचचा रकाना गेला असता. मी रकान्यात लिहिलं: पादचारी, गट, अंदाजे.

उठून गेला तो भारत. चित्रफितीत तो स्वच्छ दिसतो. कचोरीचा कागद खिशात कोंबतो, वही गाड्यावर ठेवतो, टोपी नाही म्हणून रुमाल डोक्यावर टाकतो आणि मागच्या दांडीखाली घुसतो. वाटूरच्या साळूबाई आणि सर्जेरावांचा मुलगा माझ्या मामूंना वीस पावलं घेऊन गेला, आणि परत येऊन त्यानं वर बघत ओरडून सांगितलं, "पंधरा मिन्टं गेली माझी. तू लिहून राह्यला ना? मी तुझ्यावरून मारतो कापी!" त्याला माहीत नव्हतं ते कुणाचं आहे. मलाही नव्हतं. आम्हा दोघांचं अज्ञान तक्त्यात एकसारखंच भरेल.

सातला फोन सुरू केला तर सदतीस कॉल. आता खरी कमाल. मला लगेच घरी पळता येईना, कारण मी औरंगाबादला होतो. औरंगाबादहून जालन्याला यायला सव्वा तास लागतो. म्हणून मी एस.टी. स्टँडवर जाऊन बाकावर बसलो आणि सव्वा तास प्रवास केला. शेजारी एक बाई पेरू विकत होती. बदनापूर येत असेल असं वाटलं तेव्हा मी रडलोही थोडा. साडेआठला मामूंच्या दारात पोचलो तर सगळे माझीच समजूत घालू लागले. बिचारा, दौडते आया. मिट्टी भी नसीब नै हुई. कुणीतरी मला पाणी दिलं आणि मी ते प्यालो. अब्बा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी विचारलं, "बस मिली जल्दी?" मी म्हटलं, "मिली." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी छत्री लॉजवरून आणून गुपचूप दारामागे ठेवून दिली.

ह्याला आज नववा दिवस. आज सकाळी मी अब्बांचे ते दोन सेकंद बघितले आणि मग पहिल्यांदा, दोन वर्षांत पहिल्यांदा, नीट मोजणी केली. कॉलेजच्या दोन मोजणीयंत्रांपैकी एक बिघडलेलं, म्हणून मी त्या दिवशीही अम्मीचं तसबीचं यंत्र चोरून नेलं होतं, बोटात घालायचं, हिरवं, दरूद शरीफचा जप मोजायचं. आज तेच घेतलं. एकेक टोपी थांबवून मोजली. सलग चालत आलेले दोनशे चौदा. चौकात वाहनांवरून उतरून खांदा देऊन परत गेलेले, वहीत वेगळ्या रेघा मारून, अडतीस, त्यात एक रुमालवाला भारत. टेम्पोवाला दोनदा आला, त्याला एकदाच धरला. मोजून झालं तेव्हा अम्मी दारात उभी. ती रोज दुपारपर्यंत मामूंच्या घरी नाहिदमुमानीजवळ बसते, कारण मुमानी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

"मेरी तसबी तेरे पास है?" अम्मी म्हणाली. "नौ दिन से ढूंढ रइ मैं." यंत्र माझ्या हातातून घेऊन तिनं आकडा पाहिला. "दो सौ चौदा. इत्ता तू पढा?"

ती खाटेच्या कडेला बसली आणि तिचा चेहरा अचानक इतका हलका झाला, की मला माझ्या गप्प बसण्याची किळस आली. "मामू के नाम पे ना? अच्छा किया." मग ती बोलत राहिली, माझ्याशी कमी, भिंतीशी जास्त. जाफराबादहून एक लांबचे नातेवाईक आले होते, स्वतः उशिरा पोचलेले, मातीसुद्धा संपल्यावर. ते बाहेर सांगत फिरतायत की अजमतच्या जनाज्याला पन्नास माणसंही नव्हती. ते मुमानीपर्यंत आलं. बायका कब्रस्तानात जात नाहीत. अम्मीनं आणि मुमानीनं भावाला, नवऱ्याला दारापर्यंतच पाहिलं. पुढं किती जण चालले, कुणाला विचारणार? अब्बांना विचारलं तर ते म्हणाले, मैं तो कंधे के नीचे था, मुझे क्या दिखता. "भाभी एकच बात बोल रइ सुबह से," अम्मी म्हणाली. "जिंदगी भर गाडी भरे बिना निकले नै. आखरी दिन खाली गए क्या?"

मामू खरोखरच निघायचे नाहीत. लहानपणी मी त्यांच्या जीपमध्ये पुढं, गिअरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलोय. सोळा माणसं घामानं निथळत, एक सीट बाकी, आणि मामू बाहेर उभे राहून ओरडतायत, जाफराबाद, जाफराबाद, एक सवारी. आतून कुणीतरी म्हणायचं, अहो चला की, आम्ही मेलो. मामू शांतपणे म्हणायचे, मरे तो भी बैठ के जाओगे, आराम से. तेव्हाही मला लाज वाटायची त्यांची. मी दुसरीकडे बघायचो. दुसरीकडे बघणं हे माझं एकमेव उपजत कौशल्य, पुढं मी त्यातच पदवी घेतली.

अम्मी आत गेली आणि सरांचा फोन आला. आमचे मार्गदर्शक. ते जालन्यात एकदाच आले होते, वीस मिनिटं, चौक पाहिला, नाकाला रुमाल लावला, आणि जागेवरची पाहणी पूर्ण झाली. "नदीम, तुझं मॉडेल जुळत नाहीये," ते म्हणाले. मोजलेला आकडा आणि मॉडेलचा आकडा यांच्यातून आणखी एक आकडा निघतो, तो पाचाच्या आत लागतो, तरच जग खरं धरतात. "सगळीकडे तीन, चार आहे आणि सव्वापाच ते साडेपाच अकरा. काय केलंस तू?"

"सर, तेव्हा जनाजा गेला."

"मग? आउटलायर आहे तो. उडव ते. आणि तो दुसरा, भारत, तो त्या गर्दीत दिसतोय मला. सर्वेक्षक वाहतुकीत कसा?"

"खांदा दिला त्यानं, सर."

"खांदा." त्यांनी हे बहुतेक लिहून घेतलं असावं. "हे बघ, मूळ फाइलमधूनच काप, म्हणजे परीक्षकाला प्रश्नच पडत नाही. सहापर्यंत पाठव. आणि तू मात्र जागेवर बसलास, हे चांगलं केलंस. तुझी मोजणी त्यामुळंच विश्वासार्ह आहे."

माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

मी कापलं नाही, लगेच. आधी वेगळाच चाळा केला. मॉडेलमध्ये नव्या प्रकारचं वाहन तयार करता येतं. लांबी सव्वादोन मीटर, रुंदी पाऊण, इष्ट वेग ताशी चार. रंग विचारला, हिरवा दिला. चालकाचा स्वभाव विचारला, शांत. प्रवासी एक. मग ते पश्चिमेकडून सोडलं. चौकाच्या मध्यापर्यंत नीट आलं. मागच्या पेट्या रांगेत उभ्या राहिल्या, पण आडव्या रस्त्यावरची एक लाल मोटार अशी काही समोर येऊन ठाकली की हिरवी पेटी अडली. मोटारीतून कुणी उतरलं नाही. उतरणं हा पर्याय कुठल्याच यादीत नाही. मी बघत बसलो. साठ सेकंद झाले आणि हिरवी पेटी नाहीशी झाली. अडकून पडलेलं वाहन साठ सेकंदांनी जाळ्यातून काढून टाकायचं, असं त्या शहाण्या लोकांनी ठरवून ठेवलंय, बाकीच्यांची खोटी होऊ नये म्हणून. खाली बारीक अक्षरांत नोंद आली: एक वाहन वगळले. आणि आकडा आला तीन पूर्णांक दोन. पाचाच्या आत. जग खरं झालं.

मी लॅपटॉप मिटला, काखेत मारला आणि मामूंच्या घराकडे निघालो. चौक ओलांडताना रस्त्याच्या मधोमध दोन माणसं मोटरसायकली उभ्या करून बोलत होती. मी त्यांना वळसा घातला. मनात त्यांना नेहमीची शिवी दिली, पण तिच्यात दम नव्हता.

बाहेरच्या खोलीत अब्बा होते, गोदामातून परस्पर आलेले, पँटच्या घड्यांत सरकीची धूळ. मधल्या दाराला पडदा. पडद्यापलीकडे मुमानी आणि संध्याकाळी परत त्यांच्याजवळ जाऊन बसलेली अम्मी. मी काय सांगायचं ते ठरवून आलो होतो, म्हणजे दोनतीन खोटी तयार होती. कुणा मित्रानं काढलंय, कॉलेजचा कॅमेरा आहे, आपोआप चालतो. एकही वापरलं नाही. नुसतं म्हटलं, "अम्मी, ये मामू का जनाजा है. पूरा है," आणि लॅपटॉप उघडून पडद्याखालून आत सरकवला. पाच वाजून एकवीस मिनिटं. वेग एकपट.

पडद्याच्या अलीकडे बसून चित्रफीत बघता येत नाही, पण मला ती पाठ होती. आता रिक्षा थांबल्या. आता टेम्पोवाला उतरला. आतून अम्मीचा एक लहानसा आवाज आला, गरम भांड्याला हात लागावा तसा. म्हणजे चादर दिसली. मी म्हटलं, "दो सौ चौदा चले. और अडतीस चौक में उतर के कंधा दिए. मैंने गिने हैं."

"अडतीस उतरे?" मुमानी म्हणाल्या. त्यांचा आवाज नऊ दिवसांत घासून पातळ झाला होता. "गाड्यां रोक के?"

"हौ."

"भर के गए," त्या म्हणाल्या. मग हसल्या की रडल्या, ते पडद्यातून कळलं नाही. मला अम्मीच्या तसबीचं यंत्र आठवलं, दोनशे चौदा, आणि आता तिलाही ते आठवलं असणार, हेही कळलं. ती हळूच म्हणाली, "ये ऊपर से किसने निकाला? तू तो औरंगाबाद में था."

मी अब्बांकडे पाहिलं नाही. म्हटलं, "नै था."

आत चित्रफीत चालूच होती. आता अब्बा खांदा बदलत असतील. आता ते मान वर करत असतील. चित्रफितीतल्या त्या चार मिनिटं दहा सेकंदांत माणूस किती वेळा मरू शकतो, ह्याचा काही तक्ता नाही. मुमानींनी बहुतेक लॅपटॉप जवळ ओढला, फरशीवर तो घासल्याचा आवाज आला.

"तो तू इसमें किधर है, नदीम?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर माझ्या बाजूनं, भिंतीला टेकून बसलेल्या माणसाकडून आलं. अब्बांना पडदा दिसत होता, चित्र नाही. तरी ते बोट रोखून बोलत होते.

"बीच रस्ते पे छत्री की छांव होगी देखो, काली. किनारे से एक काडी टूटी हुई. जनाजा उसीके ऊपर से जाएगा. वो है."

मग जनाजा सावलीवरून जात असावा. मग गेला असावा.

"हिली भी नै," मुमानी म्हणाल्या.